केवळ पवित्र शास्त्र की मंडळीची परंपरा? लेकीच्या बाप्तिस्म्यावरून अडलंय

लेकीचा बाबा:

सर्वांना जय ख्रिस्त.

प्रश्न जुना आहे, पण आमच्या घरात तो आत्ता आलाय. मी ज्या मंडळीत (चर्चमध्ये) वाढलो तिथे बाप्तिस्मा म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केल्यावर, पाण्यात पूर्ण बुडवून. बायको कॅथलिक. तिच्या माहेरी बाळ जन्मलं की थोड्याच दिवसांत स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, होतो. आमची लेक आता पालथी पडायला लागलीये आणि विषय जिथल्या तिथेच आहे.

सासरे शांत माणूस. मी त्यांना म्हटलं, "बाबा, तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा दिल्याचं एक वचन दाखवा, मी उद्या तयार आहे." ते म्हणाले, "बरं. मग तुम्ही मला एवढं दाखवा की शास्त्रात आहे तेवढंच प्रमाण मानायचं, असं शास्त्रात कुठे म्हटलंय." मी २ तीमथ्य ३:१६ काढलं. त्यांनी ओळीवर बोट ठेवून ते वाचलं, मग बोट वर नेऊन १५ वं वचन वाचलं. "तीमथ्य लहानपणापासून जे शास्त्र जाणत होता तो जुना करार," ते म्हणाले. "शास्त्र देवप्रेरित आहे हे मलाही मान्य. पण आणखी कशाचा आधारच घ्यायचा नाही, हे या दोन वचनांत मला दिसत नाही." मला पटकन उत्तर सुचलं नाही.

बायकोने तर वेगळंच विचारलं. पाळण्याची दोरी ओढता ओढता म्हणाली, "नव्या करारात २७ पुस्तकंच का, हे बायबलच्या आत कुठेच नाही. कुणीतरी ठरवलं ना? त्या माणसांवर तुझा विश्वास आहे. मग तीच माणसं स्वतःच्या बाळांचं काय करत होती, त्यावर का नाही?"

मला वादात जिंकायचं नाही. मला ठरवायचंय. आणि मनात एक धास्ती आहे तीही सांगतो: परंपरा एकदा मानली तर थांबायचं कुठे? १९५० मध्ये पोपनी मरियामातेचं स्वर्गोन्नयन, म्हणजे ती शरीरासह स्वर्गात घेतली गेली, हा धर्मसिद्धांत म्हणून जाहीर केला. त्याला शास्त्रात स्पष्ट वचन नाही. आज बाळाचा बाप्तिस्मा मान्य केला तर उद्या तेही मान्य करायचं का?

कृपा करून एकमेकांवर चिखलफेक नको. ज्यांनी खरंच वाचलंय त्यांनी लिहावं.

बिरुयाकर:

भाऊ, मी तुमच्याच बाजूच्या मंडळीतला. थोडक्यात लिहितो.

मार्क ७ उघडा. परुश्यांकडेही (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी गट) परंपरा होती, वाडवडिलांकडून आलेली, आणि तीही धार्मिक हेतूची. आईबापांना जे द्यायचं ते 'कुर्बान' म्हणून देवाला वाहिलं असं जाहीर केलं की आईबापांना मदत करायची गरज उरत नसे. प्रभूने त्या परंपरेचं वय विचारलं नाही. 'आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख' ही आज्ञा तिच्या शेजारी ठेवली आणि परंपरा खोटी ठरवली. मग प्रेषितांची कृत्ये १७:११ वाचा. बिरुया गावच्या लोकांनी पौल या प्रेषिताचंही ऐकून लगेच मान डोलावली नाही. रोज शास्त्र काढून तपासलं, आणि त्याबद्दल त्यांची स्तुती झाली. प्रेषिताला तपासता येतं तर बिशपला का नाही?

सासऱ्यांना १६ व्या वचनानंतर १७ वंही वाचायला सांगा. शास्त्राने देवाचा माणूस प्रत्येक चांगल्या कामासाठी पूर्ण सज्ज होतो. पूर्ण सज्ज झाल्यावर बाहेरून आणायचं काय उरलं?

पुस्तकांच्या यादीचं म्हणाल तर मंडळीने पुस्तकांना अधिकार दिला नाही. अधिकार होताच, तो तिने ओळखला. २ पेत्र ३:१६ मध्ये पौलाच्या पत्रांना इतर शास्त्रलेखांच्या रांगेत बसवलंय. तेव्हा कुठली परिषद भरली होती?

तोंडी परंपरा किती लवकर बिघडते याचा नमुना हवा असेल तर दुसऱ्या शतकातला बिशप इरेनियस बघा. हा बिशप पॉलीकार्पला लहानपणी पाहिलेला माणूस, आणि पॉलीकार्प योहानाचा शिष्य असं तोच सांगतो. इतक्या जवळचा. तरी १८० च्या सुमारास हाच इरेनियस लिहितो की प्रभू येशू चाळिशी ओलांडून पन्नाशीकडे झुकेपर्यंत शिकवत होता, आणि आधार म्हणून आशियातल्या वडीलजनांचं नाव घेतो, ज्यांनी म्हणे हे योहानाकडून ऐकलं. आज हे कुणीही मानत नाही. कॅथलिकही नाही.

बाळाला मंडळीत नेऊन देवाला समर्पण करा, प्रार्थना करा. बाप्तिस्मा तिचा तिला घेऊ द्या.

धर्मशिक्षिका:

दादा, मी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण शिकवते. तुमचे सासरे बोलले ते मला फार आवडलं, कारण ते ओरडून बोलले नाहीत.

सगळ्यात आधी एक गैरसमज. आमच्याकडे शास्त्र एका पेटीत आणि परंपरा दुसऱ्या पेटीत, आणि दुसरीची किल्ली फक्त रोमकडे, असं पुष्कळांना वाटतं. कॅथलिक बिशपांच्या ट्रेंटच्या परिषदेने ८ एप्रिल १५४६ ला शास्त्र आणि प्रेषितांपासून आलेली अलिखित परंपरा दोन्ही सारख्याच आदराने स्वीकारते असं म्हटलं, हे खरं. पण त्याच ठरावाच्या मसुद्यात आधी 'सत्य काही अंशी शास्त्रात आणि काही अंशी परंपरेत' असं होतं, ते काढून टाकलं गेलं. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ ला जो दस्तऐवज काढला त्यात स्पष्ट आहे: दोन्हींचा उगम एकच, आणि ख्रिस्तसभेचा (चर्चचा) शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, त्याचा सेवक आहे.

बिरुयाकरदादा, मार्क ७ मी पण शिकवते. प्रभूने माणसांची परंपरा मोडली, बरोबर. पण पौल २ थेस्सलनीकाकर २:१५ मध्ये काय सांगतो? तोंडी असो की पत्रातून, जे शिकवलंय ते घट्ट धरा. दोन्ही. आणि जरा काळाचा विचार करा. प्रभूच्या पुनरुत्थानानंतर जवळपास वीस वर्षं नव्या कराराची एक ओळ लिहिलेली आपल्या हाती नाही. त्या काळात लोक बाप्तिस्मा घेत होते, भाकर मोडत होते, काहींनी प्राणही दिले. पहिला हुतात्मा स्तेफन कुठला नवा करार वाचून मेला? तुम्ही इरेनियसची चूक सांगितली, पण त्याच ग्रंथात तो असंही म्हणतो की प्रेषितांनी काहीच लिहून ठेवलं नसतं तर परंपरेच्या मागेच जावं लागलं असतं ना? आणि लिहिता-वाचता न येणारे कितीतरी लोक कागद आणि शाईवाचून विश्वासात टिकून आहेत, हेही तोच सांगतो.

बाळांबद्दल. ओरिजेन हा धर्मपंडित तिसऱ्या शतकात लिहितो की लहानग्यांनाही बाप्तिस्मा देण्याची रीत मंडळीला प्रेषितांकडून मिळाली. २५३ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला तिथला बिशप सिप्रियन आणि ६६ बिशप बसले. त्यांच्यापुढे प्रश्न आला होता की सुंतेसारखं बाळ आठ दिवसांचं होईपर्यंत थांबायचं का. त्यांनी सांगितलं, तेवढंही थांबू नका. बाळाला द्यावा की नाही हा वादच तिथे नव्हता.

थांबायचं कुठे, हा तुमचा प्रश्न मला टाळायचा नाही. स्वर्गोन्नयनाला थेट वचन नाही, हे आम्ही मान्य करतो. पण तो सण पूर्वेला आणि पश्चिमेला शतकानुशतकं चालत आलेला आहे. बारावे पायस यांनी जाहीर करण्याआधी, १९४६ मध्ये, जगभरच्या बिशपांना पत्र पाठवून विचारलं होतं की तुमचे लोक आणि तुम्ही काय मानता. आणि सगळी परंपरा एकाच वजनाची नसते. लॅटिन रीतीच्या धर्मगुरूंनी लग्न न करणं ही शिस्त आहे, ती बदलू शकते. ख्रिस्त देव आणि मनुष्य आहे, हे बदलू शकत नाही.

निवृत्त मास्तर:

मी बरीच वर्षं सेमिनरीत मंडळीचा इतिहास शिकवला. प्रॉटेस्टंट आहे, बाळपणीच बाप्तिस्मा झालेला. दोन्ही बाजूंनी चांगलं लिहिलंय. पण या धाग्यातला सगळ्यात नेमका प्रश्न तुमच्या पत्नीने विचारलाय, म्हणून मी तिथूनच सुरू करतो.

यादी. ३६७ साली अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने ईस्टरनिमित्त लिहिलेल्या पत्रात नव्या कराराची आजची २७ पुस्तकं नोंदवली, एक कमी नाही की जास्त नाही. आपल्या हाती असलेली अशी पहिली यादी ती. पुढे ३९३ ला हिप्पोची, ३९७ ला कार्थेजची परिषद. इथपर्यंत सगळे सांगतात. पण त्याच पत्रातली जुन्या कराराची यादी सहसा कुणी उघडून बघत नाही. त्यात एस्तेर नाही. यिर्मयाबरोबर बारूख आहे. टोबित आणि यहूदिथ 'नव्याने येणाऱ्यांना वाचायला द्यावीत' अशा वेगळ्या रांगेत आहेत, आणि एस्तेर त्यांच्या शेजारी. म्हणजे ही यादी आजच्या प्रॉटेस्टंट बायबलच्या ६६ पुस्तकांशी जुळत नाही आणि कॅथलिक बायबलच्या ७३ शीही जुळत नाही. 'मंडळीने यादी दिली' हे वाक्य जितकं सरळ वाटतं तितकं ते घडताना सरळ नव्हतं. चार शुभवर्तमानं आणि पौलाची पत्रं याच्या दोनशे वर्षं आधीच, इरेनियसच्या काळात, वादापलीकडे गेली होती. घासाघीस चालली ती कडेच्या पुस्तकांवर: इब्री, याकोब, २ पेत्र, यहूदा, प्रकटीकरण. तेव्हा बिरुयाकर म्हणतात त्याप्रमाणे मंडळीने ओळखलं, हे खरं. मात्र ओळखणारे कोण होते? उपासनेत ती पुस्तकं मोठ्याने वाचणारे लोक. एकट्याने घरात बसून कुणी ती ओळखली नाहीत.

आता, ती माणसं स्वतःच्या बाळांचं काय करत होती? ऐकून नवल वाटेल. यादी पक्की होत होती त्या चौथ्या शतकात कितीतरी ख्रिस्ती घरांत बाळांना बाप्तिस्मा दिलाच जात नव्हता. नाझियान्झसचा ग्रेगरी, जो पुढे स्वतः बिशप झाला, बिशपच्या घरात वाढला, तरी बाप्तिस्म्याशिवाय. तरुणपणी अथेन्सला जाताना समुद्रात वादळ झालं तेव्हा आपण बाप्तिस्मा न घेताच मरणार म्हणून तो हादरून गेला होता. त्याचा मित्र बेसिल, तोही पुढे बिशप, याचा बाप्तिस्मा मोठेपणी. ऑगस्टीनची आई मोनिका किती भाविक, सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी तो आजारी पडला तेव्हा बाप्तिस्म्याची तयारी झाली, मुलगा बरा झाला आणि बाप्तिस्मा पुढे ढकलला गेला. तो झाला ३८७ च्या ईस्टरला, मिलानला, वयाच्या तिशीनंतर. ग्रेगरीने पुढे प्रवचनात सल्ला दिला की जिवाला धोका नसेल तर मूल तीनेक वर्षांचं होऊ द्या, म्हणजे काही ऐकू-बोलू शकेल.

बिरुयाकर, यावर लगेच टाळी वाजवू नका. ही थांबण्याची कारणं तुमची नव्हती. बाप्तिस्म्यानंतर केलेल्या पापाची त्यांना भीती वाटायची, म्हणून ते उशीर करायचे. २०० च्या सुमारास कार्थेजचा लेखक टर्टुलियन यानेही लहान मुलांचा बाप्तिस्मा लांबवा असं लिहिलं. पण लांबवा म्हणतो म्हणजे तो होत होता, आणि 'ही प्रेषितांच्या विरुद्ध नवी टूम आहे' असं तो कुठेही म्हणत नाही. म्हणायला त्याची जीभ अडखळली असती असा तो माणूस नव्हता.

एकाच शतकात टर्टुलियन थांबा म्हणतो, ओरिजेन प्रेषितांची रीत म्हणतो, सिप्रियन आठ दिवसही थांबू नका म्हणतो. ताई, माझा तुमच्याशी मतभेद इथे आहे. परंपरा एका तोंडाने बोलत नाही. ईस्टर कधी पाळायचा यावर दुसऱ्या शतकात आशियातल्या मंडळ्या योहानाचं नाव सांगत होत्या आणि रोम आपली रीत सांगत होता. दोघेही प्रेषितांचीच परंपरा पुढे करत होते.

आणखी एक प्रसंग सांगतो, कारण तो तुमच्या घरातल्या प्रश्नाला थेट भिडतो. २५५-२५६ साली प्रश्न आला की पाखंडी गटांत ज्यांचा बाप्तिस्मा झाला ते मंडळीत आले तर त्यांना पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा का. रोमचा बिशप स्टीफन म्हणाला, नवं काही आणू नका, चालत आलेलं आहे तेच करा, म्हणजे फक्त डोक्यावर हात ठेवून मंडळीत घ्या. सिप्रियनने विचारलं, ही परंपरा आली कुठून? प्रभूकडून, शुभवर्तमानातून, की प्रेषितांच्या पत्रांतून? आणि त्याने लिहिलं की सत्यावाचूनची रूढी म्हणजे फक्त जुनी झालेली चूक. हे वाक्य सोळाव्या शतकातला प्रॉटेस्टंट सुधारक ल्यूथर याच्या तोंडी घातलं तरी शोभेल. २५६ च्या सप्टेंबरमध्ये कार्थेजला ८७ बिशपांनी सिप्रियनला साथ दिली. पण शेवटी टिकलं ते स्टीफनचं मत. आज कॅथलिक, ल्यूथरन, अँग्लिकन, सगळे त्याच मताने चालतात. शास्त्राची कसोटी लावणारा सिप्रियन हरला आणि रूढी सांगणारा जिंकला, आणि मी प्रॉटेस्टंट असूनही मला जिंकलेली बाजूच बरोबर वाटते. कारण बाप्तिस्म्यात काम करणारा प्रभू आहे, हे शास्त्राशी अधिक धरून आहे. सिप्रियनने प्रश्न योग्य विचारला, उत्तर चुकवलं.

ल्यूथरकडे येतो. १५१९ ला लाइपझिगच्या वादात कॅथलिक पंडित योहान एक (Eck) याने त्याला कोंडीत पकडलं: कॉन्स्टन्सच्या परिषदेने १४१५ ला बोहेमियाचा सुधारक यान हुस याला पाखंडी ठरवून जाळलं, मग तुम्ही हुससारखं बोलताय, म्हणजे परिषद चुकली का? ल्यूथरने सांगितलं की हुसच्या पुष्कळ विधानांत शुद्ध ख्रिस्ती शिकवण होती आणि परिषदाही चुकू शकतात. 'केवळ शास्त्र' या तत्त्वाचा जीव मला त्या उत्तरात दिसतो. आधीचे सगळे फेकून द्या असा त्याचा अर्थ नव्हता. ल्यूथर नायसियाचा मतांगीकार (विश्वासाची जुनी कबुली) म्हणत राहिला, ऑगस्टीन वाचत राहिला, बाळांना बाप्तिस्मा देत राहिला. मंडळी चुकली तर तिला चूक दाखवायला तिच्या वर काही असलं पाहिजे, एवढं त्याला हवं होतं. अँग्लिकन मंडळीच्या १५७१ च्या ३९ कलमांतही हेच आहे: विश्वासाच्या वादात निर्णय द्यायचा अधिकार मंडळीला आहे, पण लिहिलेल्या वचनाच्या विरुद्ध काही ठरवायचा नाही. मतांगीकार मानायचे, कारण ते शास्त्रातून सिद्ध होतात.

माझ्या दृष्टीने परंपरा ही साक्षीदार आहे. तिला बोलावल्याशिवाय निकाल देणं अन्याय आहे, आणि तिची उलटतपासणी न करता निकाल देणंही. तुमची धास्ती इथे सुटते असं मला वाटतं. बाळाच्या बाप्तिस्म्याला शास्त्रात निदान धागे आहेत: घराण्यांचे बाप्तिस्मे, सुंता आणि बाप्तिस्मा यांची कलस्सैकरांस २ मधली जोड, विश्वासणाऱ्यांची मुलं पवित्र असल्याचं १ करिंथकर ७:१४. ते धागे पुरेसे आहेत की नाहीत यावर प्रामाणिक माणसं भांडू शकतात. १९५० च्या सिद्धांताला मला तसे धागे दिसत नाहीत, आणि पहिल्या तीन शतकांतली साक्षही नाही. एक मान्य केलं की दुसरं आपोआप गळ्यात पडतं, असं नाही.

धर्मशिक्षिका:

मास्तर, सिप्रियनचं तुम्ही सांगितलंत ते मी जपून ठेवणार आहे. पण एक विचारते. साक्षीदाराची उलटतपासणी करणार कोण? झुरिकमध्ये तिथला सुधारक झ्विंग्ली आणि त्याचेच विद्यार्थी एकच बायबल घेऊन बसले होते. १५२५ च्या जानेवारीत विद्यार्थ्यांनी शास्त्राच्या आधारे एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. झ्विंग्लीने शास्त्राच्याच आधारे तो चुकीचा ठरवला. आणि १५२७ ला त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला नगरसभेने लिम्मात नदीत बुडवून मारलं. दोन वर्षांनी मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले, १५ पैकी १४ कलमांवर जुळलं, आणि प्रभुभोजनाच्या भाकरीबद्दलच्या 'हे माझं शरीर आहे' यावर जे अडलं ते अडलंच. शास्त्र वाचणारे सगळे भक्त होते. निकाल देणारं कुणी नव्हतं.

निवृत्त मास्तर:

ताई, हा घाव खरा आहे आणि मी तो झाकत नाही. मान्झचं नाव घेतलं की प्रॉटेस्टंट माणसाने मान खाली घालावी. कॉन्स्टन्सला निकाल देणारे होते, हुस तरीही जाळला गेला, एवढंच म्हणतो. निकाल देणारा असला म्हणजे निकाल खरा असतोच असं नाही, आणि नसला म्हणजे फूट पडते. मी फुटीचं दुःख पत्करतो, कारण चुकलेल्या निकालाविरुद्ध दाद मागायची जागा उरावी असं मला वाटतं. तुम्ही उलट निवडता. तुमच्या निवडीमागचं प्रेम मला कळतं.

लेकीचा बाबा:

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तरांचा भाग मी बायकोला वाचून दाखवला. ग्रेगरी आणि ऑगस्टीनवर ती गप्प झाली, मग म्हणाली, "म्हणजे बाबा म्हणतात तितकंही सरळ नाही, आणि तू म्हणतोस तितकंही." सासऱ्यांना कलस्सैकरांस २ वाचायला दिलंय.

आता एक अगदी व्यवहारातला प्रश्न. समजा आत्ता बाप्तिस्मा केला. लेक मोठी झाली आणि तिला माझ्या मंडळीत यावंसं वाटलं, तर आमचे पाळक म्हणणार, पाण्यात उतर. तेव्हा काय?

बिरुयाकर:

भाऊ, खरं तेच सांगतो. आम्ही त्याला 'पुन्हा' म्हणत नाही. विश्वासाशिवाय पाणी घातलं तो आमच्या मते बाप्तिस्मा झालाच नाही, म्हणून नंतरचा तो पहिलाच. झुरिकच्या लोकांनीही १५२५ ला हेच सांगितलं होतं. काही मंडळ्या हल्ली तिची कबुली ऐकून तिला तशीच सामावून घेतात, पण सगळ्या नाही. तुमच्या पाळकांना आधीच विचारा. मास्तरांनी दाखवलेले धागे मला पुरेसे वाटत नाहीत. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याच्या घरात सगळ्यांना वचन सांगितलं गेलं आणि सगळ्यांनी आनंद केला, असं कृत्ये १६ मध्ये आहे. तान्ह्या बाळाला वचन सांगत नाहीत. तुमच्या सासऱ्यांचा मला आदर वाटतो, पण मी तुमच्या जागी असतो तर थांबलो असतो.

निवृत्त मास्तर:

हाच तो स्टीफन आणि सिप्रियनचा वाद, तुमच्या अंगणात. १९८२ ला लिमा इथे वेगवेगळ्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी बाप्तिस्म्यावर जे निवेदन तयार केलं त्यात पुनर्बाप्तिस्मा वाटेल अशी कुठलीही कृती टाळावी असं म्हटलंय. ते कुणावर बंधनकारक नाही, तरी पाळकांशी बोलताना हाती असू द्या. उलट बाजूने बघा: थांबलात आणि लेकीने मोठेपणी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तर तो दोन्हीकडे चालेल. एवढ्या एका मुद्द्यावर थांबण्याचं पारडं जड आहे. पण त्यासाठी तुमच्या पत्नीला जे सोडावं लागेल तेही मोजा.

धर्मशिक्षिका:

मास्तरांच्या शेवटच्या वाक्यावर बोलते. दादा, कॅथलिक मुलीचं बिगर-कॅथलिकाशी लग्न होतं तेव्हा परवानगीसाठी तिच्याकडून वचन घेतलं जातं, की मुलांचा स्नानसंस्कार आणि संगोपन कॅथलिक ख्रिस्तसभेत व्हावं म्हणून ती आपल्याकडून होईल तेवढं करेल. तुमच्याकडून वचन घेत नाहीत, फक्त तुम्हाला त्याची कल्पना देतात. तुम्हालाही दिली असेल. आठवून बघा. तिच्यावरचं ओझं सासऱ्यांच्या आग्रहापेक्षा हे जास्त असेल.

दुसरं, बाळाच्या स्नानसंस्कारासाठी आईवडिलांपैकी किमान एकाची संमती लागते आणि मूल त्या विश्वासात वाढेल अशी खरी आशा लागते. म्हणजे नियमाने तुमच्या सहीवाचूनही होऊ शकतं. पण तसं करू नका, दोघांनाही सांगते. फादरांकडे दोघं मिळून जा आणि तुमची अडचण जशी इथे लिहिलीत तशी त्यांच्यापुढे मांडा.

लेकीचा बाबा:

हो ताई, ते वचन तिने दिलं तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. ती त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती, तुमचं वाचल्यावर मी विचारलं. रविवारी उपासनेनंतर पाळकांना भेटतोय, त्या लिमाच्या निवेदनासकट. फादरांची वेळ तिने घेतलीये. दोघंही जाणार आहोत, दोन्हीकडे.